फ्रान्समधे सीझनप्रमाणे वाईन कशी प्यायची आणि रेस्टॉरंटमधे नेमकं काय मागायचं

फ्रान्सला फिरायला येताय आणि वाईन प्यायची हौस आहे, तर आधी कॅलेंडर बघा, वाईनची यादी नंतर बघू. आपल्याकडे डिसेंबरात कोणी हापूस शोधत नाही की मे महिन्यात हुरडा पार्टी ठरवत नाही, इथे वाईनचं तसंच आहे. पण बाहेरून आलेले लोक हे लक्षातच घेत नाहीत, जुलैच्या उन्हात बोर्दोची दणकट रेड मागवतात, ती तोंडात कोरडी तुरट लागते आणि मग म्हणतात फ्रेंच वाईनचं उगाच कौतुक चाललंय. माझं मत विचाराल तर महिना कुठला, गाव कुठलं आणि ताटात काय आहे एवढं बघून मागितलं तर यादीतली साधी, स्वस्त वाईनसुद्धा मस्त लागते, आणि यातलं काही बघितलं नाही तर शंभर युरोची बाटलीही वाया जाते.

आधी सीझनचं बघू, मग रेस्टॉरंटमधे बसू.

नोव्हेंबर: बोजोले नूवो

सीझनची वाईन म्हटलं की पहिलं नाव हेच. बोजोले हा लिऑन शहराच्या उत्तरेचा डोंगराळ भाग, आणि तिथली गामे नावाची काळी द्राक्षं. नूवो म्हणजे याच वर्षीची नवी वाईन, द्राक्षं तोडून जेमतेम दोन-अडीच महिने झालेली. ती दर वर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते, म्हणजे तारीख 15 ते 21 च्या मधे कुठेतरी पडते, 2026 ला 19 नोव्हेंबर आहे. आधी 15 नोव्हेंबर ही ठरलेली तारीख असायची, 1985 पासून तिसरा गुरुवार झाला. बुधवारी रात्री बाराचे ठोके पडले की विक्री चालू, त्याच्या आधी दुकानात बाटल्या आलेल्या असल्या तरी विकायच्या नाहीत. बोजोलेमधे बोझ्यो नावाचं छोटं गाव आहे, तिथे त्या रात्री मशाली घेऊन मिरवणूक काढतात आणि मध्यरात्री पिंप फोडतात.

ही वाईन इतक्या लवकर पिण्यासारखी होते कशी? तर द्राक्षं चिरडत नाहीत. अख्खे घड टाकीत घालतात, वर कार्बन डायऑक्साईड भरलेला असतो, आणि फसफसणं दाण्याच्या आतच सुरू होतं. सालीतला तुरटपणा फारसा उतरत नाही, रंग आणि फळाचा वास मात्र येतो. म्हणून नूवोला कधी रास्पबेरीचा, कधी चक्क केळ्याचा आणि गोळी-चॉकलेटचा वास येतो. काही लोक याच वासावरून नाक मुरडतात, पॅरिसमधल्या वाईनवाल्या मंडळींमधे तर नूवोला नावं ठेवणं ही फॅशनच आहे. ठेवू द्या. ही वाईन घोळवत बसून चर्चा करण्यासाठी नाहीच, ती चार लोकांत उभ्या उभ्या, सॉसेज आणि पाव खात प्यायची आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं. त्या गुरुवारी संध्याकाळी सहा-साडेसहाला बाहेर पडा, ज्या बारच्या काचेवर रंगीत पोस्टर आणि बाहेर उपडं ठेवलेलं पिंप दिसेल तिथे शिरा. आत गेल्यावर पहिलं वाक्य बोंजूर, ते न म्हणता थेट ऑर्डर दिली तर इथे फार उद्धट वाटतं, वाईन सोडा, साधा पावसुद्धा मागताना बोंजूर आधी. मग एक ग्लास मागा. दोन तऱ्हा असतात, नुसतं बोजोले नूवो आणि बोजोले-व्हिलाज नूवो, दुसरी थोडी वरच्या चढाच्या गावांमधली असते आणि युरो-दोन युरोच महाग असते, मी तरी तीच घेईन. ग्लास हाताला किंचित गार लागला पाहिजे, बारा-तेरा डिग्री. रेड वाईन गार कशी काय असं वाटेल, पण हलक्या रेडला गारवाच शोभतो, कोमट नूवो म्हणजे पातळ सरबत.

दुकानातून बाटली घेणार असाल तर लेबलवर द्राक्षाचं वर्ष चालू वर्षाचंच आहे ना ते बघा, मागच्या वर्षीची सेलमधे ठेवलेली असली तर हात लावू नका. आणि घेतलेली गुढीपाडव्याच्या आधी संपवा, ठेवून ही वाईन सुधारत नाही.

नूवो आवडली पण जरा दमदार काही हवं असं वाटलं, तर त्याच भागातली दहा गावं स्वतःच्या नावाने वाईन विकतात: मोर्गों, फ्लरी, ब्रुयी, मूलँ-आ-व्हाँ, सँतामूर वगैरे. यांची नूवो काढायला परवानगीच नाही. द्राक्ष तेच, पण वाईन सावकाश केलेली. शेजारच्या बर्गंडी भागातल्या वाईनच्या मानाने अजूनही परवडणाऱ्या आहेत. गामेला बर्गंडीतून 1395 मधे तिथल्या ड्यूकने हुकूम काढून हाकललं होतं, द्राक्ष वाईट आहे म्हणून, ते खाली बोजोलेच्या ग्रॅनाईटच्या जमिनीत रुजलं आणि बरंच झालं म्हणायचं.

बाकीचं वर्ष

सप्टेंबर-ऑक्टोबरमधे द्राक्षतोडणी असते. आल्सासमधे म्हणजे स्ट्रासबुर्गकडे गेलात तर बाजारात धुरकट, पांढरट रंगाचा रस प्लास्टिकच्या बाटलीत विकतात, बाटलीच्या झाकणाला भोक असतं किंवा ते सैल लावलेलं असतं, कारण आत अजून फसफसतंय. ही अर्धवट झालेली वाईन, व्हँ बुरू किंवा नुसतंच व्हँ नूवो म्हणतात. गोड लागते म्हणून भसाभस पिऊ नका, अल्कोहोल आहेच आणि पोटातही तिचं काम चालूच राहतं. सोबत ताजे अक्रोड आणि कांद्याचा टार्ट. बाटली बॅगेत आडवी ठेवायची नाही, का ते सांगायला नको. याच दिवसांत मोठ्या सुपरमार्केटमधे वाईनचे सेल लागतात, फ्वार ओ व्हँ, इथे राहणारे मराठी लोक वर्षभराचा साठा तेव्हाच करतात.

हिवाळ्यात चीज वितळवायचे दिवस. राक्लेत, फाँद्यू, आणि त्यावर सगळ्यांना वाटतं रेड हवी, पण वितळलेल्या चीजवर साव्ह्वा भागातली कडक, आंबटसर व्हाईट घेऊन बघा, तोंड स्वच्छ होतं आणि पुढचा घास जातो. क्रिसमसच्या बाजारात गरम मसाला वाईन मिळते, व्हँ शो, दालचिनी-लवंग-संत्रं घातलेली. हात गरम करायला ठीक आहे, एक कप पुरे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ज्युरा भागात व्हँ जोनचा उत्सव असतो. ही पिवळी वाईन लाकडी पिंपात सहा वर्षांपेक्षा जास्त ठेवतात आणि पिंपात वरून भर घालत नाहीत, वर यीस्टची साय धरते. बाटलीही वेगळी, 62 सेंटीलिटरची, कारण लिटरभरातलं इतक्या वर्षांत उडून तेवढंच उरतं असं सांगतात. चव अक्रोडाची आणि थोडी मेथी-करी मसाल्याच्या वळणाची. आपल्या लोकांना ती इतरांपेक्षा पटकन आवडते असं मी पाहिलंय, जुन्या कोंते चीजच्या तुकड्यासोबत एक छोटा ग्लास घ्या.

वसंतात पांढरं ॲस्परॅगस येतं, त्याच्याशी बऱ्याच वाईन भांडतात, आल्सासची कोरडी म्युस्का मात्र जमते. शेळीच्या दुधाचं ताजं चीज याच सुमारास चांगलं मिळतं, त्याला सांसेर गावची व्हाईट. ऑयस्टर खाणारे असाल तर म्युस्कादे स्युर ली, नाँत शहराजवळची, स्वस्त आणि खारट वाऱ्यासारखी.

आणि उन्हाळा म्हणजे रोझे, गुलाबी वाईन. जून ते ऑगस्ट दक्षिणेत तर टेबलावर दुसरं काही दिसतच नाही. प्रोवान्सची रोझे फिकट, कांद्याच्या सालीच्या रंगाची. ती गोड असते हा गैरसमज डोक्यातून काढा, ती चांगली कोरडी असते. इथे मागच्या वर्षीच्या द्राक्षांची बाटली घ्यायची, फार जुनी नको. लोक ग्लासात बर्फ टाकूनही पितात, त्याला पिसीन म्हणजे स्विमिंग पूल म्हणतात. जाणकार तोंड वाकडं करतात, पण 36 डिग्रीत निसच्या समुद्राकाठी बसलात तर करा खुशाल.

आता रेस्टॉरंट

वेळ आधी सांभाळा. दुपारी बारा ते दोन, संध्याकाळी सात ते साडेनऊ-दहा, मधल्या वेळात किचन बंद. तीन वाजता भूक लागली म्हणून चांगल्या ठिकाणी जेवण मिळत नाही.

बसल्या बसल्या विचारतात अपेरितीफ, म्हणजे जेवणाआधीचं पेय, घेणार का. घ्यायलाच हवं असं काही नाही, नको म्हणा, किंवा एक कीर मागा, पांढऱ्या वाईनमधे काळ्या मनुकांसारख्या बेरीचं कासिस लिकर घातलेलं. पाण्यासाठी उन कराफ दो म्हणा, म्हणजे नळाच्या पाण्याचा जग, तो फुकट असतो आणि पावाची टोपलीही फुकट. नुसतं पाणी म्हटलंत तर बाटली येते आणि तिचे पाच-सहा युरो बिलात येतात.

आधी जेवण ठरवा, वाईन नंतर. वेटर घाई करत नाही, वाईनची यादी बाजूला ठेवून दिलीत तरी चालतं.

मग किती प्यायची ते ठरवा, कारण पैसे इथेच वाचतात. ग्लास साधारण 12 ते 15 सेंटीलिटरचा, बाटली 75 ची म्हणजे 12.5 च्या मापाने सहा ग्लास. दोघांना सहा ग्लास जास्त होतात. अशा वेळी पिशे, म्हणजे छोट्या सुरईतून येणारी सुटी वाईन, 25 किंवा 50 सेंटीलिटर. पन्नासच्या पिशेत दोघांना दोन-दोन ग्लास. साध्या बिस्त्रोत, म्हणजे छोट्या घरगुती रेस्टॉरंटमधे, पिशेमधे बहुधा त्याच भागातली रोजची वाईन असते आणि मालक स्वतः तीच पीत असतो. एक गंमत लक्षात ठेवा, नुसतं अँ दमी म्हणजे अर्धा मागितलात तर कॅफेत बिअर येते, पाव लिटरचा ग्लास. म्हणून अँ पिशे द रूज, म्हणजे रेडचा पिशे, म्हणा, तो विचारेल पंचवीस की पन्नास.

लिऑनमधे हाच प्रकार पो म्हणून येतो. बुशों नावाची जी जुनी खानावळवजा रेस्टॉरंट्स आहेत तिथे चौकटीच्या टेबलक्लॉथवर वेटर एक बाटली ठेवतो, दिसायला साधी, पण उचलली की तळ बोटभर जाड काचेचा, त्यामुळे ती टेबलावरून पडत नाही आणि रिकामी झाली तरी हाताला जडच लागते. त्यात बरोबर 46 सेंटीलिटर मावतं. आत बहुतेक वेळा बोजोले किंवा कोत द्यु रोन. लिऑनचे लोक गमतीने म्हणतात आमच्या गावातून तीन नद्या वाहतात, रोन, सोन आणि बोजोले.

शाकाहारी मंडळींसाठी: बुशों म्हणजे डुकराचं आणि आतड्या-मेंदूचं राज्य, तिथे जाऊन हताश होऊ नका. राव्हिओल मागा, चीज आणि पार्सली भरलेले इवलेसे रॅव्हिओली, बटाट्याचं ग्रातँ दोफिनवा, आणि सेर्वेल द कान्यु, नाव मेंदूचं असलं तरी ते हर्ब्ज घातलेलं दह्यासारखं ताजं चीज आहे. कांद्याच्या सूपमधे बहुतेक गोमांसाचा स्टॉक असतो, विचारून घ्या. वाईन गाळायलाही काही ठिकाणी अंड्याचं पांढरं किंवा माशापासून केलेला पदार्थ वापरतात, ज्यांना ते चालत नाही त्यांनी लेबलवर व्हेगान लिहिलेली बाटली बघावी.

बाटली घ्यायची असेल तर यादी वाचायची कशी? यादीवर द्राक्षाचं नाव जवळजवळ नसतं, गावाचं किंवा भागाचं असतं, तिथेच सगळे अडकतात. थोडं पाठ करा. शाब्ली म्हणजे शार्दोने, सांसेर म्हणजे सोव्हिन्यों ब्लाँ, बर्गंडीची रेड म्हणजे पिनो नुआर, शिनों म्हणजे काबेर्ने फ्राँ, काओर म्हणजे माल्बेक. आल्सासवाले तेवढे बाटलीवर द्राक्ष लिहितात. नाशिकच्या वाईन पिऊन जिभेला सवय झालेली असेल तर अजून सोपं, तिथली शेनँ ब्लाँ आवडत असेल तर व्हुव्रे मागा, शिराझ आवडत असेल तर क्रोझ-एर्मिताज किंवा सँ-जोसेफ, कारण शिराझ म्हणजेच इथलं सिरा. चव हुबेहूब तशी नसणार, नाशिकच्या उन्हात पिकलेलं फळ जास्त गोडसर भरलेलं लागतं, पण दिशा बरोबर राहते. व्हुव्रे घेताना सेक आहे का विचारा, सेक म्हणजे कोरडी, दमी-सेक थोडी गोड, मोअल्ये म्हणजे चांगलीच गोड.

रेस्टॉरंटमधे बाटलीचा भाव दुकानाच्या तिप्पट सहज असतो. शँपेन, बोर्दो, शातोनफ-द्यु-पाप ही नावं जिथे तिथे महाग, त्यात नावाचे पैसे जास्त. मी अशा वेळी कमी गाजलेल्या भागाकडे सरकते, कोरबिएर, मादिराँ, काओर, म्युस्कादे, किंवा आपण बसलोय त्याच्या तासाभराच्या अंतरावरचं गाव.

वेटरला किंवा सोमेलिएला, म्हणजे वाईन बघणाऱ्या माणसाला, विचारायला अजिबात लाजू नका. पाहुण्यांसमोर बजेट बोलायचं नसेल तर यादीतल्या एखाद्या किमतीवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं दाँ से प्री-ला, म्हणजे साधारण या भावात. तो समजतो, आणि मोठ्याने आकडा न बोलता काम होतं. शिवाय आपण काय खाणार ते सांगा आणि हलकी हवी की भारदस्त ते सांगा, लेजे किंवा कोर्से. एवढ्यावर तो दोन-तीन नावं काढून देतो आणि बहुतेक वेळा त्याचं ऐकलेलं बरं.

बाटली आली की ज्याने मागवली त्याला ती दाखवतात. इथे आपले लोक नुसती मान डोलावतात, पण लेबल खरंच वाचा, नाव तेच आहे का आणि वर्ष यादीत लिहिलंय तेच आहे का, वर्ष बदललेलं असलं तर किंमतही बदलू शकते. मग बूच काढून तुमच्या ग्लासात दोन घोट ओततात. हे आवडली का विचारण्यासाठी नाही, बाटली खराब निघाली का हे बघण्यासाठी आहे. ग्लास टेबलावरच ठेवून दोनदा गोल फिरवा, नाक आत घाला. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद खोलीतल्या जुन्या वर्तमानपत्रांचा वास आला तर ती बुशोने, बुचामुळे बिघडलेली. नुसतं सांगा, जे लँप्रेसियों कल ए बुशोने, वेटर वास घेईल आणि दुसरी आणेल, यात भांडण नसतं. व्हिनेगरचा वास आला तरी तेच. वास ठीक पण चव मनासारखी नाही म्हणून मात्र परत देता येत नाही. घोट घेतलाच पाहिजे असंही नाही, वासावर ठीक वाटली तर वी, सेत्रे ब्यँ म्हणून मोकळे व्हा.

उन्हाळ्यात रेड कोमट आली तर बर्फाची बादली मागायला हरकत नाही, अँ सो म्हणायचं. दहा मिनिटं ठेवली की पुरे.

तिखट जेवायचं असेल, म्हणजे पॅरिसला ला शापेलकडे भारतीय रेस्टॉरंटमधे बसलात किंवा इथल्या कोणा मराठी घरी रस्सा आहे, तर तुरट, जास्त अल्कोहोलवाली रेड टाळा, तिखट आणखी भडकतं. आल्सासची गेव्युर्त्सत्रामिनर किंवा व्हुव्रे दमी-सेक बरी, आणि रेडच हवी तर गार केलेली बोजोले. नूवो आणि मिसळ हे जमतं, फ्रेंच मित्रांना चारून बघा.

बिल आपोआप येत नाही, लादिसियों मागावं लागतं. सर्व्हिस चार्ज किमतीतच धरलेला असतो, वर टिप देण्याचं बंधन नाही, खुश असाल तर दोन-चार युरो ठेवा. बाटलीत उरलेली वाईन टाकून येऊ नका, बूच लावून द्या म्हणा, पैसे तुमचेच आहेत. आणि गाडी भाड्याने घेऊन द्राक्षमळे फिरणार असाल तर एकाने न पिता राहायचं, इथे रक्तात लिटरला 0.5 ग्रॅमची मर्यादा आहे, नव्या लायसन्सवाल्यांना 0.2, आणि द्राक्षमळ्यांच्या रस्त्यावर पोलीस बरोबर उभे असतात. टेस्टिंगला थुंकायची बादली ठेवलेली असते, ती वापरणं हा अपमान नाही.

घरी नेण्यासाठी भारतात माणशी दोन लिटर ड्यूटी-फ्री, म्हणजे 75 सेंटीलिटरच्या दोन बाटल्या बिनघोर. गावातल्या दुकानातून घेतलेल्या चेक-इन बॅगेत, मधे जीन्समधे गुंडाळून, कडेला नाही. नूवो नेऊ नका, ती इथेच संपवा. न्यायच्या तर मोर्गों एक आणि व्हँ जोन एक, दुसरीसाठी खिसा जरा सैल सोडावा लागेल.